सातही तलाव भरले, आता नळाचं बोला

गोवंडीकर (धागाकर्ती)

दरवर्षी पावसाळ्यात पेपरात तोच फोटो येतो: तुळशी ओसंडून वाहतोय, विहारच्या भिंतीवरून पाणी पडतंय आणि खाली मथळा, 'मुंबईकरांची चिंता मिटली'. तुळशी आणि विहार मिळून शहराच्या एकूण साठ्याच्या तीन टक्केही भरत नाहीत. फोटोग्राफरला बोरिवली जवळ पडतं, एवढाच त्या फोटोचा अर्थ. खरा साठा लांब आहे. सातही तलाव मिळून सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर, त्यातलं निम्मं एकट्या भातसाचं.

तलाव किती टक्के भरले त्याचा रोजचा तक्ता आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवरही फिरतो. पण तो बघून कुणी एक हंडा कमी भरलाय असं कधी झालं नाही. मे महिन्यात जितका वेळ पाणी येतं तितकाच वेळ ऑगस्टात येतं. ऑगस्टात जरा गढूळ येतं इतकंच.

आता एक साधा भागाकार. मुंबईला रोज साधारण ३८५० दशलक्ष लिटर पाणी मिळतं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. आज ती दीड कोटी धरा, तरी माणशी अडीचशे लिटरच्या वर जातं. इमारतीतल्या माणसासाठी हिशेब १३५ लिटरचा आणि झोपडपट्टीतल्या माणसासाठी ४५ लिटरचा. ऑफिसं, हॉटेलं, रेल्वे, दवाखाने सगळं वजा केलं तरी हे गणित मला सुटत नाही. पाणी कमी आहे, की आहे ते आमच्यापर्यंत पोचत नाही?

संडासांचा विषयही याच धाग्यात घेऊ या. वेगळा काढला की तो 'स्वच्छता अभियान' होतो, आणि मग झाडू घेऊन फोटो काढले जातात.

टवाळ_पोर

मी पयला!

गोवंडीकर ताई, गणित बरोबर आहे. तुमच्या वाटचे दोनशे लिटर आमच्या समोरच्या टॉवरच्या स्विमिंग पूलमध्ये आहेत, सुखरूप आहेत, काळजी नसावी.

निवृत्त_अभियंता

माझी उभी हयात एका शहराच्या पाणीखात्यात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मोडक सागर आणि तानसाचं पाणी नुसत्या उताराने भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात येतं, पंप लागत नाही. ज्यांनी ही आखणी केली त्यांना मनापासून नमस्कार. भातसाचं पाणी मात्र नदीत सोडतात, पिसेला उपसतात आणि पांजरापूरला शुद्ध करतात. तिथून पुढे ते शहरातल्या टेकड्यांवरच्या सेवा जलाशयांत, म्हणजे मोठ्या टाक्यांत चढतं: मलबार हिल, वेरावली, घाटकोपर, ट्रॉम्बे वगैरे. इथपर्यंतची व्यवस्था जगात कुठेही दाखवावी अशी आहे.

भानगड त्याच्या पुढे सुरू होते. एकाच वेळी सगळ्या शहराला पाणी सोडलं तर कुणालाच दाब मिळणार नाही. म्हणून शहराचे तुकडे पाडून पाळीपाळीने पाणी सोडतात. रस्त्यावर झाकण उघडून लांब चावीने व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस तुम्ही पाहिला असेल, त्याला चावीवाला म्हणतात. तुमच्याकडे पाणी कधी आणि किती वेळ येणार हे त्याच्या फेरीवर ठरतं. एका वस्तीला अर्धा तास वाढवून द्यायचा तर तो दुसऱ्या वस्तीतून काढावा लागतो.

जलाशयाच्या जवळ राहणाऱ्याला दाब मिळतो, शेवटच्या टोकाला नुसती धार. ताई, तुम्ही टोकाला आहात. पाणी सुटलं की पहिली पंधरा-वीस मिनिटं रिकामी पाइप भरण्यात आणि आतली हवा बाहेर ढकलण्यातच जातात. नळ फुसफुसतो तो त्यामुळे. मीटर असेल तर तो त्या हवेवरही फिरतो, हा आणखी एक विनोद.

गढूळपणाचंही कारण हेच. भरलेल्या पाइपला भोक असेल तर पाणी बाहेर जातं. रिकाम्या पाइपला भोक असेल तर बाहेरचं पाणी आत येतं. वस्त्यांतल्या अर्धा-पाऊण इंची जोडण्या गटारातून गेलेल्या असतात. त्यात कुणी थेट लाइनवर मोटर लावून ओढलं की पाइपमध्ये पोकळी तयार होते आणि गटार आत खेचलं जातं. भांडुपहून निघालेलं पाणी पिण्यालायक असतं यावर मी पैज लावतो. शेवटच्या पन्नास फुटांवर लावणार नाही.

अनघा_मुलुंड

काका, फार छान समजावलंत.

मी सोसायटीची सेक्रेटरी आहे म्हणून आमची बाजू लिहिते. आमच्याकडेही पाणी दिवसातून ठरावीक तासच येतं, हे सोसायटीतल्या निम्म्या लोकांना माहीतच नाही. खाली जमिनीतली टाकी भरते, तिथून पंपाने गच्चीवर चढतं आणि रात्री दोनला नळ सोडला तरी पाणी येतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी 'आपल्याला चोवीस तास पाणी मिळत नाही' म्हटलं, तर एक काका माझ्याकडे वेड्यासारखे बघायला लागले.

२००७ मध्ये ३०० चौरस मीटरच्या वरच्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना पर्जन्यजल साठवण सक्तीची झाली. आमच्याकडे ती आहे, म्हणजे खड्डा आहे. त्यात काय जातं ते विचारू नका. एप्रिल २०२५ मध्ये टँकरवाल्यांनी संप केला तेव्हा कळलं की आमच्या रस्त्यावरच्या किती सोसायट्या टँकरवर जगतात.

गोवंडीकर

अनघा ताई, एवढ्या साध्या शब्दांत हे कुणी सांगितलं नव्हतं. तास सारखेच असतील, पण ज्याच्याकडे टाकी त्याला ते तास दिसतच नाहीत. आमच्याकडे टाकी म्हणजे दोनशे लिटरचा निळा पिंप. तोही दाराबाहेर, कारण आत ठेवला तर माणसानं कुठे झोपायचं? त्याला झाकण म्हणून लाकडी फळी, फळीवर दगड, आणि पावसाळ्यात डेंग्यूच्या फवारणीवाला येऊन तोच पिंप उलटा करून जातो. साठवलं तर डास, नाही साठवलं तर कोरड.

घरात माणूस किती यापेक्षा पाणी भरायला मोकळं कोण आहे, यावर पाणी ठरतं. पाणी सकाळी साडेदहाला सुटत असेल तर धुणीभांडी करणाऱ्या बाईनं काय करावं? एक घर सोडावं, नाहीतर मुलीला शाळा बुडवायला लावावी.

शहापूरचा_पाव्हणा

तुमचं चालू द्या मुंबईकरांनो. मी तुमच्या भातसाच्या गावचा.

तानसा आमच्या तालुक्यात, भातसा आमच्या तालुक्यात. पाणी कुठे, तर मुंबईत. मार्च संपला की आमच्याकडच्या पाड्यांवर टँकर सुरू. टँकर आला की विहिरीत ओततात आणि बाया त्या विहिरीतून शेंदून काढतात. शेंदताना वर येतो तो अर्धा चिखल. आमच्याकडं म्हणतात, धरण उशाला अन् कोरड घशाला. लहानपणी वाटायचं ही म्हण आमच्याच तालुक्यात कुणीतरी रचली असणार.

तुमच्या त्या मोठ्या पाइपलाइनी आमच्या शेतांच्या कडेनं जातात. पाइप गळायला लागला की पोरं तिथं अंघोळी करतात, गुरं पाणी पितात. गळती दुरुस्त झाली की गुरांचे हाल. भावली धरणाहून पाणी आणायची योजना मंजूर आहे, तिचं काम वर्षानुवर्षं चालूच आहे. आता वाड्याकडं गारगाई नदीवर आणखी एक धरण बांधायचं म्हणतात. लाखो झाडं जायची त्यात. बांधा. पण आधी हे सांगा, जुनं पाणी कुठं मुरतंय?

टवाळ_पोर

+१. या प्रतिसादाला जोक सुचला नाही.

निवृत्त_अभियंता

पाव्हणे, प्रश्न अगदी वर्मावर आहे. गारगाईतून रोज ४४० दशलक्ष लिटर मिळतील असा हिशेब आहे. आणि मुंबईत जे पाणी हिशेबात येत नाही त्याचा पेपरात येणारा आकडा चौथाईपासून एक तृतीयांशापर्यंत जातो. चौथाई धरा: साडेनऊशे दशलक्ष लिटर. म्हणजे दोन गारगाई शहराच्या पोटातच आहेत.

मात्र ते सगळं गळून मातीत जातं असं समजू नका. त्यात चोरून घेतलेल्या जोडण्या आल्या, बंद पडलेले मीटर आले, बिलाशिवाय पिणाऱ्या वस्त्याही आल्या. ते पाणी कुणीतरी पितंच आहे. उद्या सगळ्या गळत्या जादूने बुजल्या तरी नऊशे दशलक्ष लिटर हातात पडणार नाहीत, कदाचित निम्मे पडतील. तरीही मी आधी गळतीच धरीन, कारण तिथे झाड तोडावं लागत नाही आणि गाव उठवावं लागत नाही. फक्त धरणाचं उद्घाटन होतं, फेरूल (मुख्य पाइपवरून घरची जोडणी निघते तो तुकडा) बदलल्याचं होत नाही.

सॅन_होजेवाला

मुंबई समुद्रात बसली आहे, मग समुद्राचं पाणी गोडं का करत नाही? इस्रायल करतं, सिंगापूर करतं. इच्छाशक्ती नाही, दुसरं काय!

निवृत्त_अभियंता

मनोरीला तो प्रकल्प आखलेला आहे. आधी रोज २०० दशलक्ष लिटर, पुढे ४००. वीज प्रचंड लागते आणि उरलेलं तीव्र खारं पाणी परत समुद्रात सोडावं लागतं, जिथे कोळी मासेमारी करतात. इच्छाशक्तीने वीजबिल भरता येत नाही. आणि ते महागडं गोडं पाणी जाणार त्याच गळक्या पाइपांतून.

वकिलीण_बाई

एक कायदेशीर बाजू राहिली. 'बिलाशिवाय पिणाऱ्या वस्त्या' असं काकांनी लिहिलं. त्या बिल का भरत नाहीत, तर त्यांना बरीच वर्षं अधिकृत जोडणी मिळूच शकत नव्हती. १९९६ च्या सरकारी परिपत्रकाने १ जानेवारी १९९५ नंतरच्या झोपड्यांना पाणी देणं बंद केलं. पुढे ती तारीख १ जानेवारी २००० झाली. जोडणी नाही म्हणून माणसं पाणी प्यायची थांबली का? ती दलालाकडून घ्यायला लागली. कॅनच्या दराने लिटरचा हिशेब काढा, टॉवरमधल्या माणसापेक्षा झोपडीतला माणूस कितीतरी पट जास्त मोजत होता.

पाणी हक्क समिती ही संघटना उच्च न्यायालयात गेली. १५ डिसेंबर २०१४ ला निकाल आला: पाण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच येतो, झोपडी बेकायदा असली तरी आतल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. दर जास्त लावा, पण द्या. त्यावर पालिकेचं धोरण आलं, त्यात केंद्र सरकारच्या जमिनीवरच्या, फुटपाथवरच्या, किनारपट्टी नियमनातल्या वस्त्या वगळलेल्या. राहिलं कोण? मग २०२२ च्या मे महिन्यात 'सर्वांसाठी पाणी' धोरण जाहीर झालं. कागदावर आता दार उघडं आहे. पण घरं गटाने एकत्र यायची, त्यांनी एक सेक्रेटरी नेमायचा, कागद गोळा करायचे आणि मुख्य लाइनपासून वस्तीपर्यंतचा पाइप स्वतःच्या खर्चाने टाकायचा. तो खर्चच पुष्कळांना बाहेर ठेवतो.

चाळीतली_सुमन

इतके प्रतिसाद झाले, संडासाचं कुणी बोलेना. मग मीच बोलते.

आमच्या वस्तीत दुमजली शौचालय आहे. जागतिक बँकेच्या पैशातून नव्वदीच्या दशकात जो कार्यक्रम सुरू झाला, त्याच पद्धतीचं: बांधून द्यायचं सरकारने, चालवायचं वस्तीतल्या संस्थेने, कुटुंबाचा महिन्याचा पास. कल्पना चांगली. पहिली काही वर्षं चाललंही झकास, बाहेर तुळस लावली होती.

आता पाण्याची लाइन नावापुरती, बोअर मारलेली आहे ती मे महिन्यात आटते. घरून डबा न्यायचा. जे पाणी प्यायला भरलं त्यातलंच. बायकांच्या बाजूला दोन दारांच्या कड्या तुटल्यात, आतून ओढणी बांधून धरायची. रात्री अकराला कुलूप लागतं, पहाटे पाचला उघडतं. मधल्या सहा तासांचं काय करायचं ते पुरुषमाणसाला विचारावं लागत नाही. आमच्याकडच्या बायका संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नाहीत. डॉक्टरीणबाई दर वेळी सांगतात, 'पाणी भरपूर प्या, लघवीला जळजळ होते ती त्यानेच'. बाई हसतात आणि गोळ्या घेऊन येतात.

स्वच्छ भारतचा नियम म्हणे पंचवीस बायकांमागे एक सीट आणि पस्तीस पुरुषांमागे एक. आमच्या सकाळच्या रांगेत ते पंचवीस मोजून झाले की मागे आणखी तितक्याच उभ्या असतात.

सार्वजनिक ठिकाणचं तर विचारूच नका. पुरुषाला मुतारी फुकट आणि बाईला पैसे, कारण काउंटरवरच्याला कसं कळणार बाई आत कशाला गेली? २०११ ला मुंबईतल्या बायकांनी 'राइट टू पी' मोहीम काढली तेव्हा पेपरवाले आधी हसले होते. मला तर ती मुंबईतली सगळ्यात अक्कलहुशारीची मोहीम वाटते.

गोवंडीकर

सुमन ताई, कडीच्या जागी ओढणी हे अगदी अगदी.

यात मैलाकुंडीचंही घाला. आमच्या भागातली कित्येक शौचालयं मोठ्या मलवाहिनीला जोडलेलीच नाहीत. खाली कुंडी असते, ती भरली की उपसायची. उपसणारी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबते, तिचा पाइप आतपर्यंत पोचत नाही. मग 'खाजगी माणूस' बोलावतात. तो मैला कुठे जातो? नाल्यात. आणि आमची पाण्याची जोडणी कुठून जाते? त्याच नाल्यातून. काकांनी वर सांगितलेली रिकामी पाइप आठवा.

२०१७ च्या फेब्रुवारीत मानखुर्दला शौचालयाची जमीन खचली आणि रांगेतली माणसं कुंडीत पडून मेली. टीव्हीवर दोन दिवस चाललं.

टवाळ_पोर

म्हणजे आपण मैला नाल्यात सोडतो, नाला समुद्रात सोडतो आणि मग सॅन होजेवाले भाऊ तोच समुद्र गोडा करून परत प्यायला देणार. सर्किट पूर्ण.

निवृत्त_अभियंता

टवाळ, चेष्टेत खरं बोलतोस बाबा. मुंबईचं बरंचसं सांडपाणी जुजबी प्रक्रिया करून वरळी आणि वांद्र्याहून समुद्रात साडेतीन-पावणेचार किलोमीटर आत नेऊन सोडतात. आता वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा अशी सात नवी केंद्रं होतायत, एकूण क्षमता रोज २४६४ दशलक्ष लिटर. जानेवारी २०२३ मध्ये भूमिपूजन झालं. ती पूर्ण क्षमतेने चालली तर चित्र पालटेल. पण हे पाणी शुद्ध झाल्यावर वापरणार कोण, हा प्रश्न आत्ताच सोडवायला हवा. चेंबूरच्या आरसीएफ या खत कारखान्यात शहराचं सांडपाणी शुद्ध करून कधीपासून वापरतायत. कोराडीच्या वीज केंद्राला नागपूरचं सांडपाणी जातं. मुंबईत बांधकामं, बागा, रेल्वेचे डबे धुणं हे सगळं अजून गोड्या पाण्यावर किंवा टँकरवर चालतं. त्या टँकरचं पाणी वाचलं तरी पाव्हण्यांच्या तालुक्यावरचा भार हलका होईल.

केंद्रं कितीही बांधा, सुमनताईंच्या कुंडीतला मैला नळीतून तिथपर्यंत पोचला पाहिजे. गल्लीतली मलवाहिनी हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं काम आहे.

कऱ्हाडकर

जरा वेगळी माहिती. आमच्या शेजारी मलकापूर आहे, कऱ्हाडला लागून. तिथं चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. प्रत्येक घराला मीटर आणि वापर वाढेल तसा दर चढा. सुरुवातीला लोक म्हणाले चोवीस तास दिलं तर लोक पाणी उधळतील. उलट झालं. पाणी केव्हाही येतंय म्हटल्यावर साठवायचं कशाला? आमच्याकडं पूर्वी सकाळी नवं पाणी आलं की बाया कालचं 'शिळं' पाणी मोरीत ओतून द्यायच्या. तेवढंच बंद झालं तरी केवढं वाचलं.

गाव छोटं आहे, मान्य. मुंबईला जमेल असं म्हणत नाही.

अनघा_मुलुंड

मुंबईतही आमच्या मुलुंडला आणि वांद्र्याला चोवीस तासांचा प्रयोग करायचं ठरलं होतं, पुढे विरलं. दीडशे वर्षं जुनं जाळं, त्यावर हजारो बेहिशेबी जोड. आमच्या इमारतीत तर रहिवासी मीटर लावून घ्यायलाच तयार नाहीत. प्रत्येक फ्लॅटला वेगळा मीटर म्हटलं की मीटिंग संपते. जास्त वापरणाऱ्याचं बिल सगळे मिळून भरतात आणि त्यातच सगळे खूश.

शहापूरचा_पाव्हणा

अनघा ताई, तुमच्या त्या बिलात एक रुपया आमच्या नावाचा लावा की. पाणी ज्या गावावरून येतं त्या गावाचा रुपया. भीक नको, भाडं द्या. मग बघा आमच्याकडं नळ येतो का नाही ते.

अनघा_मुलुंड

मला मान्य आहे. मीटिंगमध्ये मांडते. काय होईल ते इथे लिहीन, हसू नका.

गोवंडीकर

काका, एक विचारते. आम्ही गल्लीत दूषित पाण्याची तक्रार केली की 'नमुना घेतला, ठीक आहे' असं उत्तर येतं. आम्हाला घरी तपासता येईल असं काही आहे का?

निवृत्त_अभियंता

आहे. ग्रामपंचायतींत करतात ती ओटी टेस्ट. औषधवाल्याकडे किंवा पाणी तपासणीचं साहित्य विकणाऱ्याकडे ऑर्थोटोलिडिनची बाटली आणि रंगांचा तक्ता असलेली छोटी नळी मिळते. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. तक्त्यावर निदान ०.२ (लिटरमागे मिलिग्रॅम) दिसायला हवा. रंग आलाच नाही तर वाटेत काहीतरी मिसळलंय आणि क्लोरीन त्यात खर्ची पडलाय असं समजा. ते औषध हाताला लागू देऊ नका आणि तपासलेलं पाणी पिऊ नका.

तपासताना गल्लीच्या दोन्ही टोकांना करा. पाणी सुटल्याबरोबर एकदा आणि अर्ध्या तासाने एकदा. वेळ, घर आणि रंग वहीत लिहा. पहिल्या टोकाला पिवळा आणि शेवटच्या टोकाला पांढरा असेल तर मधल्या कुठल्या जोडावर गटार आत येतंय ते जवळपास सापडलंच. 'पाणी घाण येतं' या तक्रारीला उत्तर देता येतं, त्या वहीला देणं अवघड जातं.

चाळीतली_सुमन

काका, आमच्या शौचालयाच्या टाकीचं पाणी तपासलं तर?

निवृत्त_अभियंता

ते बोअरचं आहे ना? मग क्लोरीन टाकल्याशिवाय त्यात रंग येणारच नाही, ओटी टेस्टचा उपयोग नाही. त्यासाठी जंतू तपासायची एचटूएसची बाटली घ्या. पाणी भरून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवा, काळं पडलं तर त्यात मैल्याचे जंतू आहेत असं धरून चाला. बोअर आणि कुंडी यांत किती फूट अंतर आहे तेही मोजून इथे लिहा. मला वाटतं काळं पडेल.